व्हेपच्या आधाराने सिगारेट हळूहळू सुटते का? लातूरच्या एका आडत्याच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

प्रश्न विचारणाऱ्यांचा लातूरच्या मोंढ्यात आडतीचा धंदा आहे. वय ३८. सिगारेट कॉलेजात असताना लागली, रोजच्या चौदा-पंधरा. मे महिन्यात लंडनचे दाजी सुट्टीवर आले, तेव्हा स्वतःचं व्हेपचं, म्हणजे ई-सिगारेटचं, यंत्र आणि त्यात भरायच्या द्रवाच्या बाटल्या यांना देऊन गेले. "हे ओढत जा, सिगारेट आपोआप सुटेल; तिकडं तर सरकारच वाटतंय," असं दाजींचं म्हणणं. दीड महिन्यात सिगारेट सात-आठवर आली. आता यांचे प्रश्न तीन: असंच हळूहळू शून्यावर जाता येईल का, व्हेपमधलं निकोटिन कमी कसं करत न्यायचं, आणि यात कायद्याची काही भानगड आहे का?

मी छातीच्या विकारांचा डॉक्टर. तंबाखू सोडवण्याचं काम बरीच वर्षं करतोय. आधी सरळ उत्तर देतो. व्हेपने सिगारेट सुटू शकते, दाजी खोटं बोलत नाहीत. पण तुम्ही आत्ता जिथे थांबलाय, म्हणजे सात-आठ सिगारेटी आणि वर दिवसभर व्हेप, ती सुटण्याच्या वाटेवरची पायरी तेव्हाच ठरते जेव्हा शेवटच्या सिगारेटची तारीख ठरलेली असते. तारीख नसेल तर तिथेच मुक्काम पडतो. दोन्ही सवयी अंगवळणी पडलेली माणसं माझ्याकडे येतात आणि दोन्ही सोडणं त्यांना एक सोडण्यापेक्षा जड जातं.

पंधराच्या सात झाल्या म्हणजे नुकसानही निम्म्यावर आलं, हा हिशेब मोंढ्यात बरोबर असेल, शरीरात तो तसा चालत नाही. कॅन्सर आणि फुप्फुसांच्या बाबतीत कमी ओढण्याचा थोडाफार फायदा मिळतो. हृदयाचं गणित मात्र वेगळं आहे. मोठ्या अभ्यासांत असं दिसलंय की दिवसाला एकच सिगारेट ओढणाऱ्यालाही हृदयविकाराचा जो जादा धोका असतो, तो वीस ओढणाऱ्याच्या जादा धोक्याच्या जवळपास निम्मा असतो. रक्ताच्या गुठळ्या व्हायला आणि रक्तवाहिन्यांचं अस्तर बिघडायला थोडा धूरही पुरतो. त्यात आणखी एक गोष्ट नकळत होते. सिगारेटी कमी केल्या की माणूस प्रत्येक सिगारेट जास्त खोल ओढतो, धूर जास्त वेळ आत धरतो, फिल्टरपर्यंत नेतो. मेंदूला रोजच्याइतकं निकोटिन हवं असतं, ते तो वसूल करून घेतो. पुढची सिगारेट ओढताना जरा लक्ष द्या. पूर्वी अर्धी जळून जायची आणि तुम्ही बोलत उभे असायचात. आता शेवटच्या झुरक्यापर्यंत तुमचं लक्ष तिच्यातच असेल.

आता व्हेपकडे. सिगारेटमध्ये तंबाखू जळते. जळण्यातून डांबर आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो, आणि माणूस मरतो तो बहुतेक या धुराने. निकोटिनचं काम चटक लावण्याचं आणि टिकवण्याचं. व्हेपमध्ये काही जळत नाही. प्रॉपिलीन ग्लायकॉल आणि ग्लिसरीनमध्ये मिसळलेलं निकोटिन एका तारेच्या वेटोळ्यावर तापतं आणि त्याची वाफ होते. म्हणून सिगारेट पूर्ण सोडून फक्त व्हेप ओढणाऱ्याच्या शरीरात विषारी पदार्थ बरेच कमी जातात. याचा अर्थ ती वाफ निरुपद्रवी आहे असा नाही. घशाला आणि श्वासनलिकांना ती त्रास देते, निकोटिनने नाडी आणि रक्तदाब वाढतो, आणि वीस-तीस वर्षं व्हेप ओढल्यावर काय होतं हे सांगायला तितकी वर्षं अजून झालेलीच नाहीत. सिगारेट न ओढणाऱ्याने व्हेपला हात लावायचं काहीच कारण नाही.

इंग्लंडच्या सरकारने २०२३ मध्ये दहा लाख धूम्रपान करणाऱ्यांना व्हेपचे सुरुवातीचे संच आणि सोबत समुपदेशन द्यायची योजना जाहीर केली होती, ही गोष्ट खरी आहे. त्यामागे अभ्यासही आहेत. २०१९ मध्ये तिथल्या एका चाचणीत सिगारेट सोडू इच्छिणाऱ्या ८८६ लोकांचे दोन गट केले. एका गटाला व्हेप दिला, दुसऱ्याला निकोटिनच्या अंगाला चिकटवायच्या पट्ट्या, गोळ्या, च्युइंगम यांपैकी जे हवं ते. वर्षाअखेर व्हेपच्या गटात १८ टक्के लोक सिगारेटपासून दूर होते, दुसऱ्या गटात ९.९ टक्के. दाजींना ठाऊक असेल तो हा आकडा. पण त्याच चाचणीत असंही दिसलं की वर्षभर सिगारेटपासून दूर राहिलेल्यांपैकी व्हेप गटातले ८० टक्के लोक अजून व्हेप ओढतच होते, तर दुसऱ्या गटात पट्टी-च्युइंगम अजून वापरणारे अवघे ९ टक्के. म्हणजे व्हेपने सिगारेट जास्त जणांची सुटते, पण व्हेप स्वतः सहजी सुटत नाही. शिवाय दोन्ही गटांना निदान चार आठवडे दर आठवड्याला समोर बसवून सल्ला दिला जात होता. नुसतं यंत्र हातात देऊन कुणाला सोडून दिलं नव्हतं.

तिकडच्या यंत्राची आणि इकडे चोरून मिळणाऱ्या यंत्राची जात वेगळी आहे. इंग्लंडमध्ये द्रवात निकोटिन मिलिलिटरला २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त चालत नाही, टाकी २ मिलिलिटरची आणि भरायची बाटली १० मिलिलिटरची, असे नियम आहेत. एकदा वापरून फेकायच्या व्हेपवर तर तिथेही १ जून २०२५ पासून बंदी आली. आपल्याकडे लपूनछपून विकल्या जाणाऱ्या रंगीत, फळांच्या वासाच्या व्हेपवर '५ टक्के' लिहिलेलं असतं. ५ टक्के म्हणजे मिलिलिटरला ५० मिलिग्रॅम, इंग्लंडच्या कमाल मर्यादेच्या अडीचपट. आणि तेही लेबलवर विश्वास ठेवला तर. आत खरोखर काय आहे हे तपासणारं इथे कुणी नाही. २०१९-२० मध्ये अमेरिकेत व्हेपमुळे फुप्फुसं निकामी होऊन ६८ जण गेले आणि २,८०० वर लोकांना दवाखान्यात भरती करावं लागलं. त्यातल्या बहुतेकांनी गांजातला अर्क घातलेला चोरबाजारातला द्रव ओढला होता आणि त्यात घट्टपणासाठी ई जीवनसत्त्वाचं एक तेल मिसळलेलं होतं. म्हणून दाजींचा माल संपल्यावर पुण्याहून किंवा हैदराबादहून कुणी आणून देतो म्हणालं तरी घेऊ नका.

आता कायद्याचं. केंद्र सरकारने १८ सप्टेंबर २०१९ ला अध्यादेश काढून ई-सिगारेटवर बंदी आणली आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिचा कायदा झाला. उत्पादन, आयात, निर्यात, वाहतूक, विक्री, वाटप, जाहिरात, सगळं बंद. पहिल्या गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड किंवा दोन्ही. पुन्हा केला तर तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाखांपर्यंत दंड. साठा करण्यालाही सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा ५० हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. स्वतः ओढण्याला त्या कायद्यात वेगळी शिक्षा लिहिलेली नाही, पण बाहेरून आणणं बंदच आहे. तेव्हा दिवाळीला येताना आणखी चार बाटल्या घेऊन या, असं दाजींना सांगू नका. विमानतळावर त्यांनाच भोवेल. सिगारेट आणि विडी चौकाचौकात मिळते आणि त्यापेक्षा कमी घातक वस्तूवर सरसकट बंदी आहे, हे मला स्वतःला थोडं विचित्र वाटतं. पण लातूरच्या शिकवणी वर्गांच्या गल्ल्यांत पेनसारखी दिसणारी व्हेप दप्तरात घेऊन फिरणारी पोरं पाहिली की बंदी आणणाऱ्यांच्या मनात काय असेल तेही समजतं.

यावरून माझा सल्ला असा निघतो: आधी धूर सोडायचा, मग निकोटिन. धुरासाठी तारीख कडक, निकोटिनसाठी सवड भरपूर. आणि निकोटिनचा पुरवठा हळूहळू व्हेपवरून पट्टी आणि च्युइंगमवर न्यायचा, कारण ते औषधाच्या दुकानात उघडपणे मिळतात, मात्रा छापलेली असते आणि ते बंद कसे करायचे याची रीत ठरलेली आहे.

तारखेबद्दल. आता पेरण्या उरकल्यात, मोंढ्यात आवक कमी आहे. दसऱ्याच्या आगेमागे सोयाबीन यायला लागलं की तुम्हाला श्वास घ्यायला फुरसत नसेल. सौदे, मापं, हिशेबपट्ट्या, रात्री उशिरापर्यंत हिशेब. त्या गर्दीत कुणाची सिगारेट सुटत नाही. म्हणून आजपासून दोन-तीन आठवड्यांच्या आतला एक दिवस ठरवा. त्या दिवसापासून शून्य. एक मधल्या वेळेची, एक रात्रीची, असं काही शिल्लक ठेवायचं नाही. इंग्लंडमध्ये २०१६ मध्ये छापून आलेल्या एका चाचणीत अर्ध्या लोकांनी दोन आठवड्यांत कमी करत जाऊन सोडली आणि अर्ध्यांनी ठरल्या दिवशी एकदम. सहा महिन्यांनी एकदम सोडणाऱ्यांतले २२ टक्के टिकून होते, हळूहळूवाल्यांतले १५.५ टक्के. हळूहळूही सुटते, त्यात वाईट काही नाही. पण त्या हळूहळूलाही शेवटची तारीख होती, हे लक्षात घ्या.

तोवर काय करायचं? पहिलं काम मोजणीचं. तुम्ही सुटी सिगारेट घेत असणार. महाराष्ट्रात सुट्या सिगारेट-विडीच्या विक्रीवर २०२० मध्येच बंदी आली, तरी टपरीवर काय चालतं ते तुम्हाला माहीत आहे. सुटी घेणाऱ्याला आपला आकडा कधीच धड कळत नाही, कारण खिशात रिकामं पाकीट उरत नाही. टपरीवाल्याकडे तुमचं उधारीचं पान असेल तर मागच्या महिन्याचं पान एकदा नीट वाचा. सात-आठ म्हणणाऱ्यांचे तिथे दहा-अकरा निघतात, असा माझा अनुभव आहे. मग चार दिवस प्रत्येक सिगारेट कुठे, कुणासोबत आणि किती तलफ असताना ओढली ते मोबाइलमध्ये टिपा. तुमची यादी मी न बघता सांगू शकतो: उठल्याउठल्या चहासोबत, संडासाला जायच्या आधी, लिलाव संपल्यावर, जेवल्यावर, चारच्या चहाला, रात्री दुकान वाढवल्यावर. यांतल्या दोन-तीन सिगारेटी नुसत्या समोरच्याने पुढे केल्या म्हणून ओढल्या जातात. त्या आज बंद होतात. सकाळची आणि जेवणानंतरची खऱ्या तलफेच्या असतात. निकोटिन रक्तातून साधारण दर दोन तासांनी निम्मं होतं. रात्रभरात ते जवळपास संपतं, म्हणून सकाळची सिगारेट सगळ्यांत जड. ती औषधाशिवाय सोडायला जाऊ नका.

पट्टी याच सकाळच्या सिगारेटसाठी. दिवसाला दहाच्या वर सिगारेट असणाऱ्याला साधारणपणे २१ मिलिग्रॅमच्या पट्टीने सुरुवात करतात: सहा आठवडे २१ची, मग दोन आठवडे १४ची, मग दोन आठवडे ७ची. तुमच्या सिगारेटी आज सात-आठ असल्या तरी व्हेपचं निकोटिन वेगळं चालू आहे, त्यामुळे कुठल्या पट्टीपासून सुरुवात करायची ते जवळच्या डॉक्टरांकडून ठरवून घ्या. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी तर विचारल्याशिवाय काहीच सुरू करू नये. पट्टी सिगारेट सोडायच्या दोन आठवडे आधीही लावता येते, त्याने सिगारेटची चव फिकी पडते आणि त्या आपोआप कमी होतात. आंघोळीनंतर अंग कोरडं करून दंडावर, छातीवर किंवा पाठीवर, जिथे केस कमी आहेत तिथे लावायची, आणि रोज जागा बदलायची. हात लगेच धुवायचे. आपल्याकडे घामाने ती सुटून येते. उन्हात गाड्या उतरवून घेत उभं राहणाऱ्याने ती दंडापेक्षा पाठीच्या वरच्या भागावर लावावी आणि कडेने कागदी चिकटपट्टी मारावी. पट्टीवर थेट ऊन घेऊ नये, शेकही देऊ नये. तापल्यावर निकोटिन जास्त झिरपतं. रात्री भडक स्वप्नं पडायला लागली तर झोपताना काढून ठेवली तरी चालते.

मधल्या तलफेला च्युइंगम. पट्टी आणि च्युइंगम जोडीने वापरल्यास एकट्यापेक्षा जास्त उपयोग होतो. २ मिलिग्रॅमचं च्युइंगम औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं, ४ मिलिग्रॅमचं डॉक्टरांच्या चिठ्ठीवर. उठल्यावर अर्ध्या तासाच्या आत पहिली सिगारेट लागत असेल, तर ४चं लागण्याची शक्यता जास्त. आणि इथे मराठवाड्यातल्या माणसाची हमखास फसगत होते. आपल्याला दोनच गोष्टी चघळायच्या माहीत: पोरांचं च्युइंगम आणि गुटखा. एक जण ते भराभर चावतो, निकोटिन सगळं लाळेतून पोटात जातं, उचक्या लागतात, छातीत जळजळतं, मळमळतं. दुसरा ते तंबाखूसारखं धरतो आणि पिचकारी टाकतो, म्हणजे औषधच थुंकून टाकतो. दोघेही आठ दिवसांनी सांगतात, "डॉक्टर, त्याचा काही उपयोग नाही." बरोबर रीत अशी: हळू हळू आठ-दहा वेळा चावायचं. तिखटसर, झिणझिण्या आल्यासारखी चव लागली की थांबायचं आणि गाल-हिरडीच्या मध्ये ठेवून द्यायचं. चव गेली की पुन्हा चार वेळा चावायचं, पुन्हा दुसऱ्या बाजूला ठेवायचं. एक तुकडा अर्धा तास. निकोटिन गालातून रक्तात जातं, पोटातून फारसं नाही. चहा, कॉफी, ताक, लिंबूपाणी यांच्या आधी पंधरा मिनिटं आणि चघळताना काही प्यायचं नाही, कारण आंबट-आम्ल पदार्थांनी ते शोषलंच जात नाही. सुरुवातीला दिवसाला आठ-दहा तुकडे लागले तरी संकोच करू नका. कंजूषपणे तीन तुकडे खाऊन हरलेली माणसं मी फार पाहिलीत. पुढे दर आठवड्याला एक-दोन कमी करत तीन महिन्यांत बंद.

आता तुमच्या हातातल्या व्हेपचं काय? तारखेआधीच्या दिवसांत व्हेप फक्त त्या वेळेला, जेव्हा एरवी सिगारेट पेटली असती. दिवसभर गादीवर बसल्याबसल्या नाही. तुमचा खरा घोळ तिथेच झालाय. सिगारेट संपते तेव्हा तरी ती संपते, व्हेपला संपणं नाही. ओढायची वेळ ठरवा, उरलेला वेळ ते घरी कपाटात. गाडीत नाही, उशाशी नाही. तारखेनंतर सिगारेट बंद, आणि बाटली संपेपर्यंत व्हेप चालू राहिली तरी मी आकांडतांडव करणार नाही. मात्र ती संपण्याची वाट पाहू नका. पहिल्या आठवड्यात दिवसाची एक वेळ च्युइंगमला द्या, पुढच्या आठवड्यात दोन. ताकद कमी करण्याबद्दल विचारलंय. तिकडे लोक मिलिलिटरला २० वरून १०-१२ वर, मग ६, मग ३ वर येतात, दर टप्प्याला काही आठवडे घेतात. तुमच्याकडे एकाच ताकदीची बाटली उरलीय, आणि घरी ग्लिसरीन घालून पातळ करायचा उद्योग करायचा नाही. शिवाय ताकद उतरवली की माणूस झुरके वाढवतो, सिगारेटमध्ये होतं तसंच. म्हणून तुमच्या बाबतीत ताकद न बदलता दोन ओढण्यांमधलं अंतर वाढवणं सोपं. तासाला असेल तर दीड तास, मग दोन, मग फक्त जेवणानंतर. सिगारेट परत पेटेल अशी धाकधूक असेपर्यंत मात्र अंतर वाढवायची घाई करू नका. चुकून निवड करायची वेळ आलीच, तर व्हेपचे चार झुरके एका सिगारेटपेक्षा बरे. पट्टी, च्युइंगम आणि व्हेप एकत्र चालू असताना मळमळ, गरगर, डोकेदुखी, धडधड, घाम, असं काही झालं तर निकोटिन जास्त होतंय असं समजा आणि व्हेप आधी बाजूला करा.

सोडल्यावरचे पहिले तीन-चार दिवस सगळ्यांत वाईट, पहिला आठवडा चिडचिडीचा, तीन-चार आठवड्यांत शरीर निवळतं. तलफेची एकेक लाट काही मिनिटांची असते. तेवढ्या वेळात मोंढ्याची एक फेरी होते. त्यापुढे कुणी न सांगितलेल्या दोन-तीन गोष्टी आहेत. एक, चहा निम्मा करा. सिगारेटच्या धुराने यकृत कॅफिनचा फडशा लवकर पाडतं; सिगारेट बंद झाली की तोच चहा रक्तात जास्त वेळ राहतो. मग छाती धडधडते, झोप येत नाही, हात थरथरतात, आणि माणूस म्हणतो सिगारेट सोडल्याने झालं. दिवसाला आठ कट घेत असाल तर चारवर या. दोन, "सिगारेटशिवाय पोट साफ होत नाही" ही तक्रार खरी आहे, निकोटिन आतड्याला ढकलतं. दोन-तीन आठवडे त्रास होईल. सकाळी कोमट पाणी, ज्वारीची भाकरी, पालेभाजी, गरज पडली तर रात्री इसबगोल. तीन, खोकला थोडे दिवस वाढल्यासारखा वाटतो आणि तोंडही येतं, दोन्ही जातात. वजन चार-पाच किलो वाढू शकतं. वाढू द्या, ते नंतर बघता येईल.

घरात वडिलांना दमा आहे आणि तेही विडी ओढतात, असं तुम्ही शेवटी लिहिलंय. तुमचं पाहून त्यांनी सोडली तर उत्तमच, पण आधी त्यांच्या डॉक्टरांना कळवा. आपल्याकडे दम्याच्या पेशंटांना थिओफिलिनच्या गोळ्या सर्रास दिलेल्या असतात. धुरामुळे हे औषध लवकर निघून जात असतं, त्यामुळे विडी बंद केल्यावर तीच मात्रा अंगावर येऊ शकते: उलट्या, धडधड, अगदी झटकेसुद्धा. मधुमेहात इन्सुलिन घेणाऱ्यांनी सोडल्यावर साखर जास्त वेळा तपासावी. आणि खोकला दोन आठवड्यांच्या वर असेल, थुंकीतून रक्त येत असेल किंवा वजन उतरत असेल, तर 'विडीचा खोकला आहे' म्हणून घरी बसू नका. सरकारी दवाखान्यात थुंकीची तपासणी फुकट होते.

मराठवाड्यात सिगारेट सुटताना जे सर्वांत जास्त दिसतं ते वेगळंच: सिगारेट गेली आणि तळहातावर तंबाखू-चुना आला. २०१६-१७ च्या राष्ट्रीय पाहणीत महाराष्ट्रातले २६.६ टक्के प्रौढ कुठल्या ना कुठल्या रूपात तंबाखू घेणारे निघाले. ओढणारे त्यात ३.८ टक्केच, चघळणारे २४.४ टक्के. म्हणजे दुकानातले हमाल, मापाडी, मुनीम, सगळ्यांच्या खिशात पुडी आहे आणि तुम्ही चिडचिडलेले दिसलात की कुणीतरी प्रेमाने चिमूट पुढे करणार. "धूर तर नाही ना यात" हे ऐकायला बरं वाटतं. तोंडाचा कॅन्सर झालेली, तोंड उघडेनासं झालेली माणसं मात्र धुराशिवायचीच असतात. तारीख दुकानात सगळ्यांना आधी सांगून ठेवा. लपवून सोडणाऱ्याला चिमूट नाकारणं जड जातं. पहिला महिना ढाब्यावरची बसणी टाळा. दारूच्या दुसऱ्या पेगला सिगारेट सोडल्याचं कुणाच्याच लक्षात राहत नाही. एखादी ओढलीच गेली तर पट्टी काढून टाकू नका, योजना मोडली असं समजू नका. कुठे आणि कुणासोबत ओढली तेवढं टिपा आणि दुसऱ्या दिवशी परत शून्य.

पट्टी-च्युइंगमने भागलं नाही तर गोळ्या आहेत. व्हॅरेनिक्लिन बारा आठवडे देतात. मेंदूत निकोटिन जिथे जाऊन बसतं तिथेच ही गोळी बसते, त्यामुळे तलफ उतरते आणि सिगारेट ओढलीच तरी मजा येत नाही. सुरुवातीला मळमळ होते, म्हणून जेवल्यावर पेलाभर पाण्याबरोबर घ्यायची. ज्यांना एकदम सोडणं अगदीच झेपत नाही त्यांना ती चालू ठेवून चार आठवड्यांत निम्म्यावर, आठ आठवड्यांत पाव हिश्श्यावर आणि बाराव्यापर्यंत शून्यावर आणता येतं. दुसरी गोळी ब्युप्रोपियॉन. फिट येणाऱ्यांना ती देत नाहीत, आणि रोज भरपूर पिणाऱ्यालाही नाही. दोन्ही डॉक्टरांच्या चिठ्ठीवरच. जिल्हा रुग्णालयात तंबाखू नियंत्रणाचा कक्ष असतो, दंत महाविद्यालयांत तंबाखूमुक्ती केंद्र असतं. तिथे समुपदेशन फुकट आहे आणि त्याने फरक पडतो. नांदेड, परभणी, धाराशिवच्या वाचकांनाही हेच लागू. घरून फोन करायचा असेल तर १८००-११-२३५६ ही राष्ट्रीय मोफत सेवा आहे, मराठीत बोलता येतं. एकदा नाव नोंदवलं की पुढचे फोन तेच करतात.

शेवटचं, उरलेल्या बाटलीबद्दल. तुमचा मुलगा दहावीत आहे आणि धाकटी चार वर्षांची. २० मिलिग्रॅमच्या १० मिलिलिटर बाटलीत २०० मिलिग्रॅम निकोटिन असतं. त्याला फळाचा वास येतो आणि लहान पोराने घोटभर प्यायलं तर जिवावर बेतू शकतं. कातडीवर सांडलं तरी ते आत जातं. लगेच साबणाने धुवा. पोटात गेल्याचा संशय जरी आला तरी उलटी करवत न बसता बाटली सोबत घेऊन थेट दवाखाना गाठा. बाटली कुलपात ठेवा, यंत्रही तिथेच, कारण मोठ्यालाही ते कुठे असतं हे माहीत नसलेलं बरं. काम संपलं की यंत्र कुणा मित्राला 'तूही करून बघ' म्हणून देऊ नका, वाटप हाही त्या कायद्यात गुन्हाच आहे. आत लिथियमची बॅटरी असते. कचऱ्यात जाळली किंवा भंगारवाल्याने ठोकली तर ती पेट घेते. ती ई-कचरा घेणाऱ्याकडे द्या.